मुलाचं कॉलेज डिव्हिजन वनमध्ये चाललंय: बेसबॉलवाल्या घरांचे नेहमीचे प्रश्न

माझा मुलगा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. तो दुसऱ्या वर्षाला असताना त्याच्या कॉलेजने डिव्हिजन टू सोडून डिव्हिजन वनमध्ये जायचं जाहीर केलं. पुढची त्याची सगळी वर्षं त्या मधल्या काळातच, म्हणजे हा बदल पूर्ण होईपर्यंतच्या वर्षांतच गेली. तेव्हापासून अमेरिकेतल्या मराठी घरांतून मला फोन येतात, मेसेज येतात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात घेऊन लोक बाजूला बोलावतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सगळे एकत्र लिहून काढते. २०२५ मध्ये बरेच नियम बदलले. त्यामुळे जिथे गोंधळ होतो तिथे जुना आणि नवा, दोन्ही नियम दिले आहेत.

१. डिव्हिजन वन म्हणजे चांगली टीम, थ्री म्हणजे कच्ची टीम, असंच ना?

नाही. कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेने १९७३ मध्ये कॉलेजांचे तीन गट केले. कॉलेज खेळांवर किती खर्च करतं, किती खेळ चालवतं आणि खेळाडूंना किती शिष्यवृत्ती देतं, यावर ते गट ठरतात. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. टूमध्ये मर्यादित देता येते. वनमध्ये सगळ्यात जास्त.

सरासरी काढली तर वनमधले संघ ताकदवान, हे खरं आहे. पण टूमधला वरच्या फळीतला संघ वनमधल्या तळाच्या संघाला सहज हरवेल. फ्लोरिडातल्या युनिव्हर्सिटी ऑफ टॅम्पाचं उदाहरण घ्या. २०२५ पर्यंत त्यांनी डिव्हिजन टूचं बेसबॉल विजेतेपद १० वेळा जिंकलंय, आणि तरी ते टूमध्येच आहेत. का, ते पुढच्या दोन उत्तरांत येईल.

२. म्हणजे टू मध्ये जिंकत गेलं की आपोआप वर जाता येतं? रणजीच्या प्लेट गटातून एलिटमध्ये जातात तसं?

हा प्रश्न आमच्या पिढीच्या प्रत्येक बाबांकडून येतो. उत्तर साफ नाही असं आहे. प्लेट गटातला संघ मैदानावरच्या निकालावर वर चढतो. इथे चढणं-उतरणं निकालावर होतच नाही. कॉलेजचे विश्वस्त आणि अध्यक्ष ठरवतात, अर्ज करतात, पैसे भरतात आणि वर जातात. एखादा संघ सलग पाच वर्षं हरत असला तरी त्याचं कॉलेज वर जाऊ शकतं. उलट टॅम्पासारखा संघ दहा विजेतेपदं घेऊनही जिथे आहे तिथेच राहू शकतो.

कॉलेजं वर का जातात? नाव होतं, टीव्हीवर दिसतं, दूरच्या राज्यांतून प्रवेशाचे अर्ज वाढतील अशी आशा असते. हा निर्णय बेसबॉलचा नसतो. माझ्या मते आई-वडिलांनी सगळ्यात आधी हे समजून घ्यायला हवं. आम्हाला ते फार उशिरा कळलं. मुलगा घरी येऊन म्हणाला, "आई, आम्ही डिव्हिजन वन झालो," आणि आम्ही त्या रात्री श्रीखंड आणलं. तो "वन" झाला म्हणजे त्याच्या पदरात नेमकं काय पडलं, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही.

३. एकटी बेसबॉलची टीम वर जाऊ शकते का? बाकीचे खेळ टू मध्ये राहू देत.

आताच्या नियमांत नाही. जायचं तर सगळा क्रीडा विभाग जातो. डिव्हिजन टूमध्ये किमान १० खेळ चालवावे लागतात, वनमध्ये किमान १४. शिवाय १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलामुलींच्या संधींचा समतोल सांभाळावा लागतो. त्यामुळे वर जाताना कॉलेजला अनेकदा मुलींचे एक-दोन नवे खेळ सुरू करावे लागतात. टॅम्पासारखे संघ वर का जात नाहीत, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. संघ कितीही उत्तम असो, बाकीचा सगळा खर्च त्याच्या मागे येतो.

अपवाद एक आहे आणि तो नेमका बेसबॉलचाच आहे. टेक्सासमधली डॅलस बॅप्टिस्ट युनिव्हर्सिटी. तिचे बाकी सगळे खेळ डिव्हिजन टूमध्ये, पण बेसबॉल २००४ पासून वनमध्ये. जुन्या नियमाखाली मिळालेली सवलत त्यांच्याकडे टिकून राहिली. २०११ आणि २०२१ मध्ये हे छोटंसं कॉलेज सुपर रीजनलपर्यंत, म्हणजे देशातल्या शेवटच्या १६ संघांत पोहोचलं. त्यांचं उदाहरण देऊन कोणी "आमचंही तसंच होईल" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ती वाट आता बंद आहे.

४. वर जाण्यासाठी कॉलेजला नेमकं काय करावं लागतं?

सगळ्यात आधी डिव्हिजन वनमधल्या एखाद्या कॉन्फरन्सचं आमंत्रण लागतं. २०११ पासून त्याशिवाय अर्जच घेत नाहीत. कॉन्फरन्स म्हणजे आठ-दहा किंवा जास्त कॉलेजांचा गट, जे हंगामभर एकमेकांशी खेळतात. वेळापत्रक, प्रवास आणि राष्ट्रीय स्पर्धेचा थेट प्रवेश, सगळं कॉन्फरन्समधून येतं. म्हणून कॉलेज कुठल्या कॉन्फरन्समध्ये चाललंय, हे डिव्हिजनच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं.

गेल्या काही वर्षांतले प्रवास पाहा. २०२२ मध्ये सदर्न इंडियाना आणि लिंडनवूड ओहायो व्हॅली कॉन्फरन्समध्ये गेले, स्टोनहिल नॉर्थईस्टमध्ये, शार्लटचं क्वीन्स एसन कॉन्फरन्समध्ये. २०२३ मध्ये लमॉइन, २०२४ मध्ये मर्सीहर्स्ट आणि वेस्ट जॉर्जिया, २०२५ मध्ये न्यू हेवन. यातल्या सदर्न इंडियानाने २०१० आणि २०१४ मध्ये डिव्हिजन टूचं बेसबॉल विजेतेपद जिंकलेलं होतं.

दुसरी गोष्ट पैसा. एनसीएएची अर्जाची फीच दहा लाख डॉलरच्या वर जाते. मग नवे कोच, नवे खेळ, विमानाची तिकिटं, मैदानाचे दिवे. हा पैसा बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांच्या फीमधून येतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया सॅन डिएगोमध्ये विद्यार्थ्यांचं मतदान घेतलं होतं. २०१२ मध्ये विद्यार्थ्यांनी फीवाढ नाकारली, २०१६ मध्ये मंजूर केली, आणि २०२० मध्ये कॉलेज बिग वेस्ट कॉन्फरन्समध्ये गेलं. तुमचा मुलगा खेळाडू असो वा नसो, फीच्या बिलातली "अॅथलेटिक्स फी" ही ओळ एकदा नीट वाचा.

५. या बदलाला किती वर्षं लागतात?

टूमधून वनमध्ये जायला बरीच वर्षं चार वर्षं लागायची. जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलला. विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचे आणि इतर निकष पूर्ण केले तर आता तीन वर्षांत होतं. थ्रीमधून थेट वनमध्ये जायला पाचाऐवजी चार. थ्रीमधून थेट उडी विरळच. मिनेसोटातल्या सेंट थॉमसने २०२१ मध्ये ती घेतली. बेसबॉलमध्ये त्यांनी २००१ आणि २००९ मध्ये डिव्हिजन थ्रीचं विजेतेपद मिळवलं होतं.

जुने लेख अजूनही "चार वर्षं" असंच सांगतात, त्यामुळे लोक गडबडतात. तुमच्या कॉलेजचं नेमकं कुठलं वर्ष चालू आहे, हे कॉलेजच्या क्रीडा कार्यालयाला विचारा. कोचलाही कधीकधी ते तोंडपाठ नसतं.

६. मधल्या वर्षांत मुलं खेळतात तरी कशासाठी? जिंकले तर पुढे काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचाही.

आधी काय पणाला लागलेलं असतं ते सांगते. डिव्हिजन वनची राष्ट्रीय स्पर्धा ६४ संघांची असते. १६ ठिकाणी प्रत्येकी चार संघांचे रीजनल होतात. त्यातले १६ विजेते आठ सुपर रीजनलमध्ये भिडतात आणि उरलेले आठ संघ जूनमध्ये नेब्रास्कातल्या ओमाहाला जातात. कॉलेज वर्ल्ड सिरीज १९५० पासून ओमाहातच होते. इथल्या मुलांच्या तोंडी "ओमाहा" हा शब्द वारकऱ्याच्या तोंडी पंढरपूर यावं तसा येतो. कॉन्फरन्स जिंकली की या ६४ मध्ये थेट प्रवेश मिळतो.

मधल्या वर्षांतल्या संघाला हा प्रवेश नाही. कितीही सामने जिंका, नाही. आणि डिव्हिजन टू सोडलेलं असल्यामुळे टूच्या राष्ट्रीय स्पर्धेचं दारही बंद. मुलं अगदी त्रिशंकू होतात. काही कॉन्फरन्स आपल्या अंतर्गत स्पर्धेत अशा संघाला खेळू देतात, काही नाहीत. खेळू दिलं आणि संघ जिंकला तर काय होतं, ते २०२२ मध्ये बास्केटबॉलमध्ये साऱ्या देशाने पाहिलं. केंटकीच्या बेलरमाइनने एसन कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली, पण ते मधल्या वर्षांत होते. राष्ट्रीय स्पर्धेला जॅक्सनव्हिल स्टेट गेलं.

आमच्या मुलाच्या कॉन्फरन्समध्ये अंतर्गत स्पर्धाही नव्हती. मे महिन्यातला हंगामाचा शेवटचा रविवार मला अजून दिसतो. शेवटच्या वर्षाची मुलं आई-वडिलांसोबत ओळीत उभी राहिली, फुलं झाली, फोटो झाले. सामना संपला. मग नेहमीप्रमाणे मुलांनी माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, ताडपत्री ओढली आणि कडेने वाळूच्या पिशव्या ठेवल्या. पुढच्या सामन्यासाठी माती कोरडी राहावी म्हणून हे करतात. पुढचा सामना नव्हता. तरी माझ्या मुलाने ताडपत्रीचा कोपरा दोनदा सरळ केला. घरी आल्यावर गॅरेजच्या पायरीवर बसून तो किती तरी वेळ लाकडी काडीने बुटांच्या खिळ्यांतली लाल माती काढत होता.

मग खेळतात कशासाठी? नियमित हंगामासाठी, आकडेवारीसाठी (ती पूर्ण ग्राह्य धरतात), वरच्या दर्जाच्या फलंदाजांसमोर उभं राहायला मिळतं म्हणून, आणि एकमेकांसाठी. हे कमी नाही. पण चार वर्षांपैकी तीन अशी जाणार असतील, तर मुलाने ते आधीच माहीत असताना निवडलेलं असावं.

७. खेळात प्रत्यक्ष काय फरक पडतो?

पिचिंगमध्ये सगळ्यात जास्त पडतो. वरच्या संघाचा पहिला पिचर तर चांगला असतोच. फरक कळतो तो सहाव्या-सातव्या पिचरमध्ये. डिव्हिजन वनमध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामने एकाच संघाशी होतात आणि मध्ये मंगळवारी किंवा बुधवारी एक सामना. टूमध्ये अनेक कॉन्फरन्स एका दिवसात दोन सामने खेळवतात, त्यातला एक बऱ्याचदा सात इनिंगचा. वनमधल्या आठवड्याला पूर्ण नऊ इनिंगचे चार सामने पेलणारे हात लागतात, आणि नव्याने वर आलेल्या संघाकडे ते नसतात. शुक्रवारी आमचा संघ बरोबरीने लढायचा, रविवारपर्यंत बुलपेन (बदली पिचरांचा ताफा) रिकामं झालेलं असायचं आणि धावफलक पाहवत नसे.

हंगाम ५६ सामन्यांचा असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो. तेव्हा उत्तरेतल्या कॉलेजांच्या मैदानांवर बर्फ असतो, म्हणून पहिले कित्येक आठवडे संघ दक्षिणेत परक्या मैदानांवरच खेळतो. समोर फ्लोरिडा-टेक्सासचे संघ, जे जानेवारीपासून उन्हात सराव करत असतात. नव्या संघाचा पहिला महिना पराभवांनी भरलेला दिसला तर घाबरू नका. वेळापत्रक पाहा, सामने कुठे झाले ते पाहा.

बॅटचं लोक विचारतात. बॅट तीच, धातूची, २०११ पासूनच्या बीबीकोर (बॅटची उसळी मर्यादित ठेवणाऱ्या) मानकाची. नवी घ्यायची गरज नाही.

८. वर गेल्यावर शिष्यवृत्ती वाढते का?

वाढू शकते, पण सगळी मुलं पूर्ण शिष्यवृत्तीवर असतात हा समज सोडून द्या. डिव्हिजन टूमध्ये अख्ख्या बेसबॉल संघाला मिळून ९ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम देता येते. वनमध्ये हा आकडा वर्षानुवर्षं ११.७ होता आणि तो जास्तीत जास्त २७ मुलांत वाटला जायचा. म्हणजे वाट्याला फीचा काही हिस्सा यायचा, बाकीचा घरून.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या हाउस खटल्यातला समझोता मंजूर केला आणि चित्र बदललं. जी कॉलेजं या समझोत्यात सामील झाली त्यांना बेसबॉलसाठी शिष्यवृत्तीची मर्यादा राहिली नाही. त्याऐवजी संघात जास्तीत जास्त ३४ खेळाडू, एवढंच बंधन. सामील न झालेली कॉलेजं जुन्याच मर्यादेत आहेत. पण मर्यादा गेली म्हणून पैसा आला असं होत नाही. मोठ्या कॉन्फरन्समधली श्रीमंत कॉलेजं ३४ च्या ३४ मुलांना देऊ शकतात. नुकतंच वर आलेलं कॉलेज बहुधा नाही. "तुम्ही समझोत्यात आहात का, आणि बेसबॉलला प्रत्यक्षात किती शिष्यवृत्त्या देता?" हे दोन्ही प्रश्न विचारा. पहिल्याचं उत्तर हो आलं की लोक दुसरा विचारायचं विसरतात.

आपल्या घरांना एक गोष्ट विशेष उपयोगाची आहे. मार्कांवर मिळणारी शिष्यवृत्ती अनेकदा खेळाच्या शिष्यवृत्तीपेक्षा मोठी असते आणि खांदा दुखावला म्हणून ती जात नाही.

९. टू मधून आलेल्या आमच्या मुलाची जागा राहील का?

खरं सांगायचं तर भरवसा नाही. वर जाणारा कोच तयार मुलं शोधतो. ज्युनियर कॉलेजमधली (म्हणजे इथलं दोन वर्षांचं कॉलेज), किंवा ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) येणारी, मोठ्या संघात बाकावर बसलेली. २०१८ मध्ये पोर्टल सुरू झालं आणि आता अभ्यास नीट असेल तर मुलगा एक वर्ष न गमावता कॉलेज बदलू शकतो. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी उघडं आहे. तुमचा मुलगाही जाऊ शकतो, त्याच्या जागी कोणीही येऊ शकतो. ३४ च्या मर्यादेमुळे (प्रश्न ८) जिथे पूर्वी चाळीस मुलं असायची तिथे कपात झाली.

मुलाच्या वर्गातली चौदा मुलं एकत्र आली होती. शेवटच्या वर्षी त्यातली पाच उरली. कोणी वाईट वागलं असं नाही. ज्यांना घेऊन तो संघ उभा राहिला होता, त्यांच्यासाठी तो राहिला नाही, एवढंच. हे लिहिताना अजूनही जड जातं.

१०. अभ्यासाचे नियम बदलतात का?

हो, थोडे कडक होतात. हायस्कूलमधून येताना १६ ठरावीक विषय दोन्हीकडे लागतात, पण त्यातला किमान जीपीए (सरासरी गुण) टूसाठी २.२ आणि वनसाठी २.३. आपल्या मुलांना हे सहसा जड जात नाही. जड जातं ते पुढचं: वनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचे ४० टक्के, चौथ्याच्या सुरुवातीला ६० टक्के आणि पाचव्याच्या सुरुवातीला ८० टक्के विषय पूर्ण झालेले असावे लागतात. मध्येच मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलला तर ही टक्केवारी एकदम घसरते. इंजिनिअरिंगकडून कॉम्प्युटर सायन्सकडे वळणारी आपली मुलं इथे सापडतात. मेजर बदलायच्या आधी क्रीडा विभागातल्या सल्लागाराशी बोला, नंतर नाही.

प्रवास वाढल्यामुळे शुक्रवारचे, कधी गुरुवारचेही तास बुडतात. शुक्रवारी दुपारी लॅब असलेले विषय वसंत सत्रात टाळलेले बरे.

११. टू मध्ये खेळलेली वर्षं धरतात का, की वनमध्ये चार वर्षं नव्याने मिळतात?

धरतात. एकूण चार हंगाम, मग ते कुठल्याही डिव्हिजनमधले असोत.

खाचखळगा घड्याळाचा आहे. डिव्हिजन टूमध्ये हे चार हंगाम दहा सत्रांत संपवायचे असतात, आणि मुलगा पूर्णवेळ शिकत असेल तेवढीच सत्रं मोजतात. एखादं सत्र आजारपणामुळे किंवा घरच्या कारणाने सोडलं तर घड्याळ थांबतं. वनमध्ये पहिल्यांदा पूर्णवेळ प्रवेश घेतल्यापासून सलग पाच वर्षं. ते थांबत नाही. टूमध्ये असताना वर्षभर सुटी घेतलेल्या मुलाला कॉलेज वर गेल्यावर अचानक कळू शकतं की आपलं शेवटचं वर्ष उरलेलंच नाही. असं काही घडलं असेल तर कॉलेजच्या नियमपालन कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी नको.

१२. वनमध्ये गेल्यावर व्यावसायिक संघांची नजर पडण्याची शक्यता वाढते का?

काहीशी. समोर चांगले संघ असतात, त्यांचे खेळाडू पाहायला स्काउट (खेळाडू हेरणारे) आलेले असतात, त्यांच्या नजरेला तुमचाही मुलगा पडतो. पण डिव्हिजन टू म्हणजे अंधार नव्हे. जे. डी. मार्टिनेझ डिव्हिजन टूच्या नोव्हा साउथईस्टर्नमधून २००९ मध्ये विसाव्या फेरीत निवडला गेला आणि पुढे मेजर लीगमधला मोठा फलंदाज झाला. मेजर लीगमध्येच गाजलेला टिनो मार्टिनेझ टॅम्पाचा. मात्र २०२१ पासून ड्राफ्ट (व्यावसायिक संघांची खेळाडू-निवड) २० फेऱ्यांचाच उरलाय, पूर्वी तो दुप्पट लांब असायचा. चार वर्षांच्या कॉलेजमधला मुलगा तिसरं वर्ष संपल्यावर किंवा २१ वर्षांचा झाल्यावर ड्राफ्टला पात्र होतो. मधल्या वर्षांचा यावर परिणाम नाही.

१३. मुलगा एच-४ व्हिसावर आहे. काही वेगळं पाहावं लागेल का?

हो, आणि हा प्रश्न फक्त आपल्यासारख्या घरांचा आहे, त्यामुळे कोच तो विचारणार नाही. एच-४ म्हणजे एच-१बी वर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा; खेळायला आणि शिष्यवृत्ती घ्यायला त्याची अडचण नाही. अडचण नाव-छायाचित्राच्या जाहिरातीच्या पैशांची आणि २०२५ पासून काही कॉलेजं खेळाडूंना थेट देऊ लागली त्या पैशांची. एच-४ वरच्या मुलांना कामाची परवानगी नसते. संघातली बाकीची मुलं गावातल्या पिझ्झाच्या दुकानाची जाहिरात करून पैसे घेतील. तुमच्या मुलाने स्थलांतराच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नये.

दुसरं म्हणजे २१ वं वर्ष. त्या दिवशी एच-४ संपतो आणि त्याआधी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) किंवा दुसरा व्हिसा हातात हवा. बहुतेक मुलांचा २१ वा वाढदिवस कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात येतो. तो हंगामाच्या मध्यात येत असेल तर आदल्या वर्षीच कागदपत्रांना लागा. राज्यातल्या रहिवाशांची कमी फी पुढे चालू राहते का, तेही तेव्हाच विचारा. प्रत्येक राज्याचं वेगळं आहे.

१४. वर गेलेल्या संघांचं पुढे चांगलं होतं का?

काहींचं फारच चांगलं. कॅल स्टेट फुलर्टन १९७५ मध्ये डिव्हिजन वनमध्ये आलं आणि कोच ऑगी गरिडो यांच्या हाताखाली पहिल्याच वर्षी कॉलेज वर्ल्ड सिरीजला पोहोचलं. १९७९ मध्ये त्यांनी ती जिंकली, पुढे १९८४, १९९५ आणि २००४ मध्येही. तेव्हा आजच्यासारखा अडकवणारा मधला काळ असता तर त्या पहिल्या संघाला ओमाहा दिसलंच नसतं, हे माझ्या मनातून जात नाही.

जॉर्जियातलं केनेसॉ स्टेट १९९६ चं डिव्हिजन टू विजेतं. २००५ मध्ये वर आलं आणि २०१४ मध्ये पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत जाऊन थेट सुपर रीजनल गाठलं. ऱ्होड आयलंडचं ब्रायंट २००८ मध्ये आलं आणि पात्र होताच २०१३ मध्ये पहिल्यांदा रीजनल खेळलं. फीनिक्सचं ग्रँड कॅनियन २०१३ मध्ये आलं, पहिलं रीजनल २०२१ मध्ये.

या वर्षांतली अंतरं मोजा: नऊ, पाच, आठ. म्हणजे ज्या मुलांनी सुरुवात केली त्यांच्यापैकी बहुतेक जण त्या दिवशी मैदानात नव्हते.

१५. वर गेलेलं कॉलेज परत खाली येतं का?

येतं. कनेक्टिकटच्या हार्टफर्डने २०२१ मध्ये डिव्हिजन थ्रीत उतरायचं ठरवलं, त्यांचा बास्केटबॉल संघ पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धा खेळला त्याच वर्षी. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममधले जेफ बॅगवेल याच कॉलेजचे. असं होतं तेव्हा खेळाची शिष्यवृत्ती पुढे बंद होत जाते (प्रश्न १) आणि मुलांची पांगापांग होते.

अलाबामाच्या बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजची गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. ते वनमध्ये गेलं, खर्च झेपेना म्हणून २००६ मध्ये थ्रीत उतरायचं ठरवलं, आणि ३१ मे २०२४ रोजी पैशांअभावी कॉलेजच कायमचं बंद झालं. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोत ईस्टलेकला डिव्हिजन थ्रीच्या वर्ल्ड सिरीजमधला पहिला सामना खेळत होता. मागे कॉलेज उरलेलं नसताना ती मुलं आणखी दोन दिवस लढली. २ जूनला हरली तेव्हा त्या नावाचा शेवटचा सामना संपला.

१६. कोच घरी येणार आहेत. काय विचारू?

वर सांगितलेलं परत लिहीत नाही. कॉन्फरन्ससाठी प्रश्न ४, शिष्यवृत्तीसाठी ८, घड्याळासाठी ११ पाहा. मी आज त्या सोफ्यावर बसले तर आधी हे विचारेन: "माझा मुलगा कुठल्या वर्षाच्या मे महिन्यात पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेला पात्र असेल?" उत्तरात वर्ष यायला हवं. "लवकरच" हे उत्तर नाही. मग त्या वर्षी आपला मुलगा कितवीला असेल ते त्याच्याच समोर मोजेन.

मग विचारेन की तोवर कॉन्फरन्सच्या स्पर्धेत खेळता येतं का. गेल्या दोन वर्षांत किती मुलं पोर्टलमधून आली आणि किती गेली. कोचचा स्वतःचा करार किती वर्षांचा आहे. हा शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो, मलाही वाटला होता, आणि आमच्या मुलाला ज्यांनी आणलं ते कोच दीड वर्षात दुसरीकडे गेले.

आणि मुलाला घरातल्या बाकीच्यांसमोर नको, गाडीत एकटा असताना विचारा, की तीन वर्षं मेच्या तिसऱ्या आठवड्यातच हंगाम संपणार असेल तरी तुला इथेच खेळायचंय का. माझा मुलगा तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाला असता, "हो." हे मला आता माहीत आहे, कारण हल्लीच मी त्याला विचारलं. तो आता नोकरी करतो आणि शनिवारी सकाळी शेजारच्या पोरांना पिचिंग शिकवतो.